पहिले दोन झोके

आमच्या घरात कुणी औषधाची बाटली न हलवता चमच्यात ओतली, तर वहिनी असेल तिथून उठून येते आणि बाटली हातातून काढून घेते. खळाखळा हलवते, उजेडात धरून तळ बघते, पुन्हा हलवते आणि मग देते. खरं तर औषधांचं दुकान माझं. बाटली हलवून घ्या हे गिऱ्हाइकांना सांगणं माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. पण या एका बाबतीत मी तिच्यापुढे गप्प बसते, आणि मी गप्प बसणाऱ्यांतली नाही हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल.

ही वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. नणंदेनं भावजयीचं चांगलं बोलावं अशी जगाची रीत नाही, ठाऊक आहे मला. ती लग्न होऊन आली तेव्हा मीही पदर खोचून तयार होते. पण ही बाई भांडायला घरात सापडेल तर ना! सकाळी लॅबमध्ये जायची, संध्याकाळी नखांत काळं तेल घेऊन यायची, जेवताना ताटाच्या कडेला बोटानं वेटोळी काढत बसायची. शेवटी मीच हात टेकले आणि तिच्याशी मैत्री केली.

ती डॅम्परचं गणित करते. डॅम्पर म्हणजे एक जाडजूड पोलादी नळकांडं, मोटारसायकलच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा थोरला भाऊ म्हणा. आत तेल, तेलात पिठाहून बारीक लोखंडाची भुकटी, आणि दट्ट्याला तारेची गुंडाळी. तारेतून वीज सोडली की ते पातळ तेल पापणी लवायच्या आत घट्ट होतं, वीज बंद केली की पुन्हा पातळ. असली नळकांडी इमारतीच्या चौकटीत तिरपी बसवतात. जमीन हलली की इमारत झुलते, दट्टा मागेपुढे होतो आणि तेल त्याला अडवून झोका मोडून काढतं. केव्हा किती वीज सोडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. पण एवढी वीज दिली तर हे तेल किती जोर लावेल, हे त्या बिचाऱ्याला आधी कुणीतरी सांगायला हवं. ते सांगणारं समीकरण म्हणजे मॉडेल, आणि ते मॉडेल आमच्या वहिनीचं.

सोपं नाही ते. कारण त्या तेलाला मागचं आठवतं. दट्टा आत्ता कुठे आहे एवढ्यावर भागत नाही. तो कुठून आला, कसा आला, याचाही हिशेब ते तेल मनात धरून असतं. हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे आपल्या आईसारखं. आजचं भांडण कधी आजच्यावर नसतंच." आई ओट्यापाशीच उभी होती. वहिनीला हसू दाबताना ठसका लागला आणि पुढचे दोन दिवस आम्हा दोघींनाही बेचव भाजी मिळाली.

त्या समीकरणात चौदा आकडे होते. मशीनवर डॅम्पर हलवून त्याच्या जोराच्या आलेखाचं जे वेटोळं मिळतं, त्यावर तिच्या समीकरणाचं वेटोळं अगदी चपखल बसेपर्यंत ते चौदा आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे करत राहायचं. यात तिची उमेदीची वर्षं गेली. लॅबमध्ये तिला 'चौदावाल्या बाई' म्हणायचे. मूलबाळ का नाही असं नातेवाईक विचारायचे, तेव्हा माझा दादा म्हणायचा, "चौदा आहेत की!" तो विनोद होता. ती हसायचीही. पण मी तिचा चेहरा पाहिलेला आहे.

मग इस्पितळाच्या नव्या इमारतीत तिचं मॉडेल वापरून डॅम्पर बसवले गेले. दादा त्याच इस्पितळात डायलिसिसची मशीनं सांभाळतो. त्याचा विभाग नव्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर गेला. त्या दिवशी वहिनीनं घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आता हा माझ्या तेलाच्या भरवशावर उभा राहणार!" एवढा अभिमान मी तिच्या तोंडी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि नंतरही नाही.

आता उस्तादबद्दल सांगायला हवं. लॅबमधलं ते भलंमोठं मशीन चालवणारा म्हातारा, त्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याची एक पद्धत होती. चाचणीच्या आधी डॅम्परला पाच झोके द्यायचे. त्याला तो 'जागं करणं' म्हणायचा. आकडे धरायचे ते सहाव्या झोक्यापासून, आधीचे पाच फेकून द्यायचे. हे वहिनी यायच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं. का, असं तिनं नवी असताना विचारलं होतं. "सुरुवातीचे झोके वेडेवाकडे येतात बाई, त्यांचं काय लोणचं घालायचंय?" असं उत्तर मिळालं. सगळीकडच्या लॅबमध्ये असंच करतात म्हणे. मी तिला चिडवायचे, "तुमच्याकडे नमनालाच घडाभर तेल!"

मग एकदा मशीन बिघडलं आणि कित्येक महिने बंद राहिलं. दुरुस्त झालं तेव्हा उस्ताद रजेवर होता. वहिनीनं उतावळेपणानं स्वतःच, हातानं एकेक झोका देत चाचणी घेतली. पाच झोके फेकायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. पहिल्या झोक्याला डॅम्परनं निम्मा जोरही लावला नाही. दुसऱ्याला थोडा अधिक. तिसऱ्यापासून सगळं तिच्या गणिताबरहुकूम, अगदी गुळगुळीत. तिला वाटलं, जोर मोजणारं यंत्र सैल झालंय. तिनं ते पुन्हा आवळलं, पुन्हा झोके दिले. आता पहिल्यापासूनच सगळं बरोबर. तेव्हा तिनं मशीन बंद केलं आणि घरची वाट धरली.

संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढता सरळ माझ्या खोलीत. टेबलावर आईच्या औषधाची बाटली होती, दोन दिवस कुणी हात न लावलेली. तिनं ती माझ्यापुढे धरली. वर स्वच्छ पाणी, खाली पांढरा थर.

"न हलवता वरचं चमचाभर दिलं तर काय होईल?"

"काही होणार नाही. औषध खाली राहील, पोटात नुसतं गोड पाणी जाईल."

"माझं सगळं गणित हलवलेल्या बाटलीचं आहे गं," ती म्हणाली. "इस्पितळातली बाटली चार वर्षं कुणी हलवलेली नाही."

मला कळायला वेळ लागला. लोखंडाची भुकटी तळाशी बसलेली. जमीन हलेल, कॉम्प्युटर वहिनीच्या चौदा आकड्यांवर विसंबून वीज सोडेल, आणि दट्ट्यापाशी असेल नुसतं तेल. दोन झोके जातील तेव्हा कुठे भुकटी मिसळेल. आणि माझा भाऊ सगळ्यात वर, मशीनला बांधलेल्या माणसांमध्ये. त्या माणसांना पळायचं म्हटलं तरी पळता येत नाही, त्यांचं रक्त नळीत असतं.

तिचा साहेब उंटावरून शेळ्या हाकणारा. मशीनच्या खोलीत तो पाहुणे आले की यायचा. ती त्याच्याकडे गेली, तर तो म्हणाला, "एका चाचणीवरून एवढा गोंधळ? सेन्सर सैल असेल."

"सर, सेन्सर मी तपासला."

"बरं, समजा खरं आहे. दोन झोक्यांत मिसळतं ना? भूकंप आधी कुरकुरतो, मग हलवतो. तोवर जागे होतील तुमचे डॅम्पर."

"लांबचा असेल तर कुरकुरतो, सर. जमिनीतली भेग जवळ असेल तर पहिला दणकाच मोठा असतो."

"आणि वाऱ्यानं इमारत रोज हलतेच की."

"केसभर हलते. बाटली केसभर हलवून औषध मिसळत नाही."

साहेबाला बाटलीचं काही कळलं नाही. तिची मागणी फार मोठी नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी एकेका डॅम्परचं एक टोक सोडवायचं, जॅक लावून दट्टा मागेपुढे करायचा आणि पुन्हा जोडायचं. नाहीतर निदान एक डॅम्पर काढून आणा, न जागवता मशीनवर लावा, काय ते सगळ्यांसमोर दिसेल. वर्षभर ती हेच सांगत फिरली. पालथ्या घड्यावर पाणी. इस्पितळवाले म्हणायचे, तुमच्या साहेबांनीच तर मंजूर केलंय. साहेब म्हणायचा, मंजूर केलेलं पुन्हा उकरून काढलं तर आपलंच नाक कापलं जाईल. लॅबमधला एक डॅम्पर तसाच ठेवून द्या म्हटलं, तर तोही देईना. एकच होता आणि तो सारखा कामात.

त्या वर्षात ती वाळली. रस्त्यावरून अवजड ट्रक गेला की तिची नजर पेल्यातल्या पाण्याकडे जायची. दादा घरातून निघाला की तो इस्पितळात पोचेपर्यंत बरी असायची, पोचल्याचा फोन आला की उलट अस्वस्थ व्हायची. असं उलटं काळीज मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

"दुसऱ्या विभागात बदली मागून घे," तिनं दादाला हात जोडले.

"आणि मशीनवरच्यांचं काय? त्यांना काय सांगू, माझ्या बायकोला गणितात चूक सापडलीय, मी चाललो, तुम्ही बसा?"

"हो! असंच सांग. ओरडून सांग."

"तुझ्या साहेबाला पटत नाही, मला का पटावं?" असं तो म्हणाला, आणि ते त्यानं म्हणायला नको होतं. माझा सख्खा भाऊ असला तरी त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही.

शेवटी इस्पितळातला एक इंजिनिअर विरघळला. एक डॅम्पर, एकदाच. तळमजल्यावरचा काढून द्यायचा, चाचणी झाली की लगेच परत. वहिनीनं दट्ट्याला चिमटे लावून तो जाम केला, नळकांडं ज्या कुशीवर होतं त्याच कुशीवर गाद्यांवर निजवलं आणि ट्रकमध्ये त्याच्या शेजारी स्वतः बसली. सोबतीला मी. ड्रायव्हरला तिनं चालत्या माणसाच्या वेगानं जायला लावलं. मागे गाड्यांची रांग, भोंग्यांचा कल्लोळ. एकानं बाजूनं जाताना ओरडून विचारलं, "आत काय, अंडी आहेत काय?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी मात्र हसत होती. वर्षभरानंतर हसत होती. एक हात नळकांड्यावर ठेवून म्हणाली, "झोपू दे त्याला. उद्या एकदाच, सगळ्यांसमोर." कारण ते एकदाच होतं. दट्टा एकदा हलला की भुकटी मिसळली, आणि पुरावा गेला.

डॅम्पर मशीनवर चढला. तिनं उस्तादला समोर बसवून समजावलं. "उद्या जागं करायचं नाही. पहिला झोका मला हवाय." तो म्हणाला, "कळलं बाई, पोराटोरांना सांगतात तसं किती वेळा सांगाल?" आणि त्याला कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

दुसऱ्या दिवशी मीही गेले, दुकान बंद ठेवून. आम्ही दोघी पाहुण्यांच्या कितीतरी आधी पोचलो. उस्ताद आमच्याही आधी आला होता. मशीनपाशी जमिनीवर बसला होता, ते थांबवायच्या लाल बटणाखाली, दोन्ही हात डोक्याला लावून.

झालं होतं ते असं. आज बाईंचा मोठा दिवस, म्हणून तो पहाटेच आला. मशीन पुसलं, तेलपाणी केलं. मग पाहुण्यांसमोर अडखळायला नको म्हणून मशीन सुरू करून ठेवावं असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं सुरू करायचं बटण दाबलं. आता नवे लोक डॅम्पर जागवायला विसरतात म्हणून कित्येक वर्षांपूर्वी यानंच ते पाच झोके त्या बटणात घालून घेतले होते. बटण दाबलं की ते आपोआप पडतात. त्याला दुसऱ्या झोक्याला आठवलं. त्यानं झडप घालून लाल बटण दाबलं. पण दोन झोके पडून गेले होते, आणि दोनच तर हवे होते.

"मोजले तरी गेले का ते दोन?" वहिनीनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, त्याचीच मला भीती वाटली.

उस्तादनं मान हलवली. ते झोके मशीन नोंदवतच नाही. फेकायचेच, तर नोंदवायचे कशाला?

पाहुणे आले. डॅम्पर पहिल्या झोक्यापासून उत्तम चालला. पडद्यावर तिच्या गणिताचं वेटोळं आणि मशीनचं वेटोळं एकावर एक असं बसलं, की वेगळं काढता येईना. कुणीतरी टाळी वाजवली. वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "हे जागं झालेलं आहे. सकाळी चुकून दोन झोके पडले. हा निकाल धरू नका." लोक एकमेकांकडे बघू लागले. उस्ताद पुढे झाला, "चूक माझी आहे साहेब, बाई खरं बोलतात." साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाला, "चूक कसली? ते तर नेहमीच करतात." आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेला. त्या गोड आवाजाचा मला आजही राग येतो. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

इस्पितळानं डॅम्पर परत नेऊन बसवला. दुसरा द्यायला आता कोण तयार होणार? उस्ताद त्यानंतर कामावर आला नाही. एकदा आमच्या घरी आला, दारातच उभा राहिला. वहिनीनं हाताला धरून आत आणलं, चहा केला, त्याच्या समोर बसली. जाताना तो एवढंच म्हणाला, "हात ऐकत नाहीत हो बाई. डोकं ऐकतं, हात ऐकत नाहीत." तो गेल्यावर ती रडली, त्याच्यासाठी. स्वतःसाठी रडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

मग एका दुपारी मी गल्ल्यावर बसले असताना फळ्यांवरच्या बाटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या. आधी मला वाटलं ट्रक. मग पायाखालची फरशी सरकली. मी दुकान उघडं टाकून घराकडे धावले. आई अंगणात होती. वहिनी आत, फोनसमोर उभी. फोन करत नव्हती. हात पुढे जात होता आणि मागे येत होता. मी फोन उचलला तर तिनं माझं मनगट घट्ट पकडलं. "नको. जोवर विचारलेलं नाही, तोवर तो आहे."

आणि तेवढ्यात फोनच वाजला. दादाचा. एवढा आनंदी आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"अगं, काही झालं नाही! सगळे ठीक आहेत. पहिले दोन दणके वाईट होते. एक आजोबा खुर्चीसकट कलंडले, त्यांची सुई निघाली, मी मशीन छातीशी धरलं. वाटलं, संपलं सगळं. आणि मग कुणीतरी सबंध बिल्डिंग हातात धरून ठेवावी तसं झालं. एकदम शांत! तुझे डॅम्पर झकास आहेत, राणी. उगाच वर्षभर जीव काढलास."

"पहिले दोन?" वहिनीनं विचारलं.

"हो. पहिले दोन. का?"

ती खाली बसली. मागोमाग साहेबाचाही फोन आला. मॉडेल प्रत्यक्षात खरं ठरलं म्हणून अभिनंदन. इमारतीचा झोका नोंदवून ठेवणारी यंत्रं बसवली असती तर त्याच्या तोंडावर फेकता आलं असतं सगळं. पण ती पैसे वाचवायला कधीच वगळली होती. ते दोन दणके मोजले होते फक्त माझ्या भावाच्या छातीनं, आणि त्याचीही खात्री पटली होती की सगळं झकास आहे.

त्या दिवशी संध्याकाळी वहिनी पोटभर जेवली. मागून भात घेतला. आणि लवकर झोपली, गाढ. मला वाटलं, हरली बिचारी, सोडून दिलं एकदाचं. सकाळी तिच्या शेजारी बसून मी हळूच विचारलं, "बरं वाटतंय?"

"हो. आता सगळे जागे झालेत ना," ती म्हणाली. "छोट्याशा धक्क्यानं सगळेच्या सगळे एकदम हलले. मला वर्षभर जे जमलं नाही ते झालं. आता काही महिने तरी भीती नाही."

ते काही महिने सरलेत. भुकटी पुन्हा खाली बसायला लागली असेल. ती अजून अर्ज करते, अजून जॅकची मागणी करते, अजून तिचं हसं होतं. जेवण पुन्हा तुटलंय. लोक देवाकडे काय काय मागतात. आमची वहिनी भूकंप मागते. छोटा. डॅम्पर हलतील एवढाच, कुणाची सुईसुद्धा निघू नये इतका. त्या एका धक्क्यासाठी ती देव पाण्यात घालून बसली आहे, आणि मोठा त्याच्या आधी येऊ नये म्हणूनही.

आज सकाळी दादा डबा घेऊन निघाला. दार लागल्यावर तिनं ओट्यावरचा पेला उचलून पाहिला, परत ठेवला आणि मला विचारलं, "काल रात्री काही हललं का गं? तुला काही जाणवलं?"

किती आशेनं विचारलं होतं तिनं. मी नाही म्हणाले.